बिअर चवीनं प्यायला शिकताना: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक पट्ट्यातून बिअरचे ट्रक भरभरून बाहेर पडतात. किंगफिशर, कार्ल्सबर्ग यांसारख्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने इथे आहेत आणि वाळूजला येणारं पाणी जायकवाडीचं आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला लावली होती. म्हणजे बिअर मराठवाड्याला नवी नाही. तिच्यासाठी आपण पाणी मोजलं आहे.

तरीही परमिट रूममध्ये बसल्यावर वेटर दोनच गोष्टी विचारतो: माइल्ड की स्ट्राँग, आणि पाइंट की मोठी? आपला उलटा प्रश्न एकच असतो: चिल्ड आहे ना? चव हा विषय निघतच नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण बिअर हे धान्याचं पेय आहे आणि धान्याची चव आपल्या भागाला शिकवावी लागत नाही. भाकरी कुठल्या ज्वारीची आहे हे एका घासात सांगणारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. तीच जीभ बिअरकडे वळवायची आहे.

हा लेख लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, जालना, हिंगोली इथल्या अशा वाचकांसाठी आहे, जे बिअर कधीमधी घेतात, क्राफ्ट बिअर हे नाव ऐकून आहेत, पण सुरुवात कुठून करावी हे ज्यांना कळत नाही. जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. दारूनं घरं कशी बसतात हे आपण जवळून पाहिलं आहे. गावागावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती उगाच नाही.

आधी कायद्याचं आणि तब्येतीचं

महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, कडक दारूसाठी २५. शिवाय मद्यसेवन परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइनही काढता येतो. बहुतेक जण काढत नाहीत. तुम्ही काढा, फी किरकोळ आहे. गाडी चालवताना रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि ती दिसते त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते. यकृताचा त्रास, साखरेची औषधं, झोपेच्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काही असेल तर हा विषय तुमच्यासाठी नाही.

पहिली पायरी: बाटलीतला हिशेब समजून घ्या

आपल्याकडे माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल आणि स्ट्राँग म्हणजे त्यावर ८ टक्क्यांपर्यंत. ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत ८ टक्क्यांनी ५२ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, त्यात साधारण २६ मिली. म्हणजे ‘एकच बिअर घेतली’ असं म्हणणाऱ्यानं दोन मोठे पेग घेतलेले असतात. याउलट ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये साडेसोळा मिलीच जातं.

हा हिशेब आधी सांगायचं कारण असं, की चव शिकायची तर डोकं जागेवर हवं. तिसऱ्या ग्लासनंतर नाक आणि जीभ दोन्ही बोथट होतात. म्हणून पुढचे काही महिने स्ट्राँग बाजूला ठेवा. आपल्या बाजारातल्या बऱ्याच स्ट्राँग बिअरमध्ये साखर किंवा मक्याचा हात सढळ असतो. त्यानं अल्कोहोल वाढतं, पण धान्याची चव पातळ होते आणि घशात गोडसर जळजळ उरते. ती झाकायलाच बर्फगार प्यावी लागते.

दुसरी पायरी: आत काय आहे

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ मध्ये कायदाच झाला की बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स यांशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नव्हतं, कारण ते आहे हेच तेव्हा माहीत नव्हतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. मटकीला मोड आणतो तसंच: धान्य भिजवायचं, मोड फुटू द्यायचे, आणि मग भट्टीत वाळवून ते थांबवायचं. मोड येताना धान्यातली विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि पुढे गरम पाण्यात हीच विकरं पिठूळ भागाची साखर करतात. वाळवताना किती भाजलं यावर रंग ठरतो. हलकं वाळवलं की पिवळी बिअर, जास्त भाजलं की तांबूस, पार काळं भाजलं की स्टाऊट. काळी बिअर म्हणजे कडक बिअर असा आपल्याकडे समज आहे, तो काढून टाका. रंग भाजण्यातून येतो, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. थंड प्रदेशातली. कडूपणा त्यांचा, आणि लिंबूवर्गीय, फुलांचा, गवताचा किंवा आंब्याकडे झुकणारा वासही त्यांचाच. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं, पण काही प्रकारांत चवीचा मोठा वाटाही तेच उचलतं.

यीस्टवरूनच बिअरची दोन मोठी घराणी पडतात. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार होते. फळांचे, मसाल्यांचे वास त्यात जास्त. लागरचं यीस्ट ८ ते १४ अंशांत सावकाश काम करतं, आणि मग ती बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरत ठेवतात. ती स्वच्छ, हलकी लागते. आपण आजवर प्यायलो त्या जवळजवळ सगळ्या लागर. आज जगभर जी पिवळीधमक लागर चालते तिचं मूळ १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरनं, म्हणजे बिअर बनवणाऱ्यानं, केलेल्या बिअरमध्ये आहे. तिथलं पाणी फार मऊ आहे, म्हणून ती तशी उतरली. आपल्या बोअरच्या जड पाण्यात ती तशी उतरणार नाही, म्हणून ब्रुअरीत आधी पाण्यातले क्षार काढून घेतात.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय, तर छोट्या प्रमाणात, चव डोळ्यांसमोर ठेवून, ब्रुअरनं स्वतःच्या निर्णयानं केलेली बिअर. पण कॅनवर ‘क्राफ्ट’ छापलं म्हणून विश्वास ठेवू नका. मागची घटकांची यादी वाचा. बार्ली, गहू, ओट असं काही असेल तर पुढे जा. तांदूळ, मका, साखर असेल तर ती वाईटच असेल असं नाही, पण तुम्ही शोधताय ती बहुधा ही नव्हे.

तिसरी पायरी: दुकानात काय बघायचं

ही पायरी मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि पुण्या-मुंबईचे लोक लिहितात त्या लेखांत ती नसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. बिअर शॉपीच्या मागच्या पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. ट्रकमधून उतरलेली पेटी तिथे आठवडेच्या आठवडे राहते आणि विकायच्या आधी फ्रिजमध्ये जाते. हातात येते तेव्हा ती थंडगार असते, पण आतून शिळी झालेली असते.

बिअर उष्णतेनं फार लवकर म्हातारी होते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग दुपटी-तिपटीनं वाढतो. थंड जागी सहा महिने टिकणारी बिअर उन्हाळ्यातल्या गोदामात काही आठवड्यांत हॉप्सचा वास घालवून बसते, आणि मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. क्राफ्ट बिअर महाग असते आणि लहान गावात तिला उठाव कमी, त्यामुळे तीच सगळ्यात जास्त पडून राहते. बऱ्याच जणांना पहिली क्राफ्ट बिअर आवडत नाही, त्यामागे हे कारण असतं.

म्हणून डबा उलटा करून तारीख बघा. उत्पादनाची तारीख, मुदतीची नव्हे. दोन-अडीच महिन्यांच्या आतली असेल तर घ्या. आयपीए (जास्त हॉप्सची कडू एल) असेल तर जितकी ताजी तितकी बरी, जुनी अजिबात घेऊ नका. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘दादा, हा माल कधी आला? फ्रिजमध्येच होता का?’ सुरुवातीला तो चमकून बघेल. दोन-तीनदा विचारलंत की ताजा माल आल्यावर तोच तुम्हाला आवाज देईल.

बाटली आणि कॅन यांत कॅन निवडा. प्रकाशानं हॉप्समधले घटक बिघडतात आणि रबर जळल्यासारखा उग्र दर्प येतो. पांढऱ्या आणि हिरव्या काचेतून प्रकाश सरळ आत जातो, तपकिरी काच बराच अडवते, कॅन पूर्ण. दर्शनी काचेत ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली कितीही देखणी असली तरी ती तिथेच राहू द्या. आणि खरेदी जमली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आपल्याकडे बिअर उन्हाळ्यातलं पेय मानतात, पण आपल्या भागात चांगली बिअर मिळण्याचा काळ हिवाळा आहे.

चौथी पायरी: कुठली आधी, कुठली नंतर

सुरुवात ओळखीच्या माइल्ड लागरपासूनच करा. नेहमीचीच, पण या वेळी ग्लासात ओतून. ही तुमची मोजपट्टी. पुढच्या प्रत्येक बिअरच्या वेळी ‘हिच्यापेक्षा वेगळं काय?’ एवढंच स्वतःला विचारायचं.

मग व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची. बेल्जियन पद्धतीच्या विट बिअरमध्ये गव्हाबरोबर संत्र्याची साल आणि धणे घालतात. हा प्रकार बेल्जियमच्या होगार्डन गावात संपला होता. १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधविक्यानं तो पुन्हा उभा केला. त्याच गावाच्या नावाची बिअर आज आपल्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळते. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ च्या व्हाइटनंही भारतात अनेकांना या चवीची पहिली ओळख करून दिली. कडूपणा नावाला, अंगानं गढूळ, आणि वासाला आपल्या ओळखीची. मोजपट्टी ठरल्यावर पहिली नवी चव म्हणून नवख्या माणसाला मी नेहमी हीच घ्यायला सांगतो.

त्यानंतर जर्मन हेफेवायझेन. हीसुद्धा गव्हाची, पण हिच्यात साल नाही, धणे नाहीत, काहीच वरून घातलेलं नाही. तरी ग्लास नाकाशी नेला की पिकलेल्या केळ्याचा वास येतो, आणि त्याच्यामागून लवंग. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याच्या वासामागे आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं रसायन आहे, आणि खऱ्या केळ्यातही तेच असतं. हा प्रकार समोर आला की घाई करू नका. पहिला वास घ्या, ग्लास खाली ठेवा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा घ्या. पहिल्यांदा बहुतेकांना फक्त केळं सापडतं. बिअर थोडी गरम झाली की लवंग पुढे येते. ती सापडते त्या क्षणी माणूस ग्लासाकडे बघतो, समोरच्याकडे बघतो आणि पुन्हा नाक घालतो. इथून पुढे त्याला शिकवावं लागत नाही.

मग स्टाऊट आणि सगळ्यात शेवटी आयपीए. आयपीएचं वेगळं सांगतो.

पाचवी पायरी: ग्लास आणि गारवा

बाटलीनं पिऊ नका. वास घेता आला नाही तर अर्ध्याहून जास्त चव गेली. स्टीलचा पेलाही नको, रंग दिसत नाही. घरातला पोटाला गोल, तोंडाशी थोडा निमुळता असा कुठलाही काचेचा ग्लास चालतो. तो स्वच्छ मात्र हवा. तेलाचा जरासा ओशटपणा असला तरी फेस बसतो. ग्लास मिठानं चोळून भरपूर पाण्यात विसळा आणि फडक्यानं न पुसता उपडा ठेवून वाळू द्या. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास घाण आहे.

ग्लास तिरका धरून निम्मी बिअर कडेनं सोडा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस हवाच. फेस म्हणजे फसवणूक असं आपल्याकडे मानतात, पण वास त्या फेसातूनच वर येतो. हेफेवायझेन ओतताना शेवटचा थोडा भाग बाटलीत ठेवा, बाटली हलक्या हातानं फिरवा आणि तळाशी बसलेलं यीस्ट फेसावर ओता.

आता गारव्याचं. बर्फाळ बिअर जिभेला बधिर करते. लागर ४ ते ७ अंशांवर, व्हीट बिअर ५ ते ८, बहुतेक एल ७ ते १०, स्टाऊट १० ते १३. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. हिवाळ्यात व्हीट बिअर बाहेर काढून दहा मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात लगेच उघडा, ग्लासातच ती दोन-तीन मिनिटांत जागेवर येते. फ्रीझरमध्ये बाटली घालू नका आणि ग्लासात बर्फ तर कधीच टाकू नका.

सहावी पायरी: नाकाची तयारी

बिअर उघडण्याआधी स्वयंपाकघरात चला. छोट्या वाट्यांत धणे भरडून घ्या, मोसंबीची साल चुरगळून ठेवा, दोन लवंगा, केळ्याचा तुकडा, गुळाचा खडा, कॉफीची पूड, भाजलेले शेंगदाणे. प्रत्येकाचा वास घ्या, डोळे मिटून घ्या. जालन्याची मोसंबी आणि लातूरकडच्या कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे हा कच्चा माल आपल्याच भागात उत्तम मिळतो. विट बिअर हुंगण्याआधी मोसंबीची साल आणि धणे एकत्र चोळून हुंगा. मग ग्लास घ्या. जे आधी नुसतं ‘काहीतरी छान’ वाटत होतं, त्याला आता नाव मिळतं.

पिताना आधी रंग बघा, मग वास, मग छोटा घोट. तो तोंडभर फिरवा आणि गिळा. वाईन चाखणारे थुंकतात, बिअर गिळायचीच, कारण कडूपणा जिभेच्या मागच्या भागात आणि गिळल्यानंतर जास्त कळतो. घोट गेल्यावर नाकानं श्वास सोडा. किती वेळ चव राहते ते बघा. दोन बिअरच्या मध्ये बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी घ्या. पुण्यात ब्रेड किंवा क्रॅकर देतात. मला भाकरी जास्त बरी वाटते, ती जीभ कोरी करते आणि स्वतःची चव मागे ठेवत नाही. चकणा या वेळी दूर ठेवा, खारे शेंगदाणे आणि मसाला पापड सगळी चव खाऊन टाकतात.

एका बसण्याला दोन प्रकार पुरे. चौघांत एक कॅन वाटून घेतलात तर आणखी उत्तम: खर्च कमी, अल्कोहोल कमी आणि बोलायला जास्त. एका वहीत तारीख, नाव, आलेले वास आणि आवडली का, एवढं लिहा. दुसऱ्याला मोसंबी आली आणि तुम्हाला नाही, तर तुमचं चुकलं असं नाही. पुन्हा हुंगा, नाहीच आली तर तसंच लिहा.

जेवणाबरोबर

नियम थोडेच. तिखटाबरोबर कडू बिअर नको. हॉप्सचा कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. ठेच्याबरोबर आयपीए घेतलीत तर तोंडात जाळ होईल. तिखटाला गव्हाची, गोडसर, कमी अल्कोहोलची बिअर शांत करते. तेलकट-तुपकट पदार्थांना मात्र वायू आणि थोडा कडूपणा हवा, तोंड स्वच्छ होतं.

संभाजीनगरच्या नान खलियाबरोबर मला तांबूस, माल्टकडे झुकणारी एल सगळ्यात जुळते. रश्श्यावरच्या तर्रीला ती उतार देते आणि भट्टीतल्या नानच्या खरपूस कडेशी तिचा भाजका वास मिळतो. आंबाडीच्या भाजीचा आंबटपणा विट बिअरशी छान बसतो. सुशीला आणि साधी लागर हीसुद्धा चांगली जोडी आहे, मुरमुरे हलके आणि बिअरही हलकी. काळ्या मसाल्याच्या मटणाला स्टाऊट घ्या, पण रस्सा झणझणीत असेल तर गव्हाचीच बरी. जेवणानंतर भूमकडच्या खव्याचा पेढा आणि स्टाऊटचे चार घोट हे एकदा तरी करून बघा. भाजलेल्या धान्याचा कॉफीकडे जाणारा कडवटपणा आणि आटवलेल्या दुधाचा गोडवा एकमेकांना धरून राहतात.

हुरड्याबद्दल विचारतातच. पौषातला कोवळा हुरडा, गूळ, लसणाची चटणी, आणि बरोबर गार पिल्सनर (पिल्सेनच्या पद्धतीची लागर), जुळतं हे खरं. पण हुरडा पार्टीला बहुधा घरची मंडळी असतात, शेत दुसऱ्याचं असतं आणि परत गाडी चालवत यायचं असतं. तिथे नको. हुरडा घरी आणून तव्यावर परता आणि मग उघडा.

पुण्याची एक खेप

टॅपवरची, म्हणजे नळातून थेट ग्लासात येणारी ताजी बिअर हा वेगळाच अनुभव आहे, आणि त्यासाठी पुणं आपल्याला सोयीचं. २००९ मध्ये डूलाली या छोट्या ब्रुअरीनं तिथे सुरुवात केली. पुढे इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावं जोडली गेली. जाण्याआधी कुठली जागा चालू आहे आणि टॅपवर काय आहे ते फोन करून विचारा, यादी सतत बदलते. ड्राय डे तपासा. संभाजीनगरहून पुणं साधारण २३५ किलोमीटर, तेव्हा एस.टी. किंवा रेल्वेनं जा आणि मुक्काम करा. स्वतःची गाडी नकोच.

आत गेल्यावर मोठा मग मागवू नका. ‘सॅम्पलर’ किंवा ‘फ्लाइट’ मागा. लाकडी पट्टीवर छोट्या ग्लासांत चार-सहा प्रकार येतात. हलक्याकडून जडाकडे जा: लागर, विट, हेफेवायझेन, तांबूस एल, आयपीए, स्टाऊट. उलट गेलात तर स्टाऊटनंतर विट पाणचट लागते. सगळे ग्लास संपवायची सक्ती नाही. दुपारी चार-पाचला जा, तेव्हा गर्दी कमी असते आणि टॅपवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. त्याला विचारा: ही बॅच कधीची? कुठले हॉप्स? तुम्हाला स्वतःला आज कुठली आवडली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी कामाचं असतं. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, म्हणूनच ती इतकी जिवंत लागते आणि म्हणूनच ती तिथेच प्यावी.

पुण्यातच मूनशाइन नावाची मीडरी आहे. मीड म्हणजे मधापासून आंबवलेलं पेय, बिअर नव्हे. बिअरचा कडूपणा ज्यांना नकोच आहे त्यांनी ते जरूर चाखावं.

कडूपणाशी मैत्री

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून इथल्या इंग्रजांसाठी बिअर जहाजानं यायची. हॉप्स जंतूंना आवर घालतात, त्यामुळे जास्त हॉप्सची पेल एल कित्येक महिन्यांच्या प्रवासात टिकायची. नंतर इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअरनीही हा धंदा उचलला. तिथलं जिप्सम असलेलं जड पाणी हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि ठसठशीत करतं. आजची आयपीए अमेरिकन हॉप्समुळे बरीच वेगळी झाली आहे: आंबा, ग्रेपफ्रूट (पपनसासारखं लिंबूवर्गीय फळ), पाइनचा चीक असे वास.

कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. नेहमीची लागर १० ते २० च्या घरात, आयपीए ४० ते ७० च्या. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. पण आपण कारलं खातो, मेथीची भाजी खातो, पाडव्याला कडुनिंब चावतो. कडू चव आपल्या पानात आहेच. ती बिअरमध्ये अपेक्षित नसते, एवढंच. सलग तीन घोट घ्या, मध्ये थांबा, आणि कडूपणाच्या मागे फळ शोधा. तरीही आवडली नाही तर सोडा. आयपीए आवडणं हा क्राफ्ट बिअर समजल्याचा दाखला नाही. मला स्वतःला रोजच्यासाठी चांगली पिल्सनरच जवळची आहे, आणि ती करणं ब्रुअरसाठी जास्त अवघड असतं, कारण तिच्यात दोष लपत नाही.

घरी करायची का?

हा प्रश्न उत्साही माणसाला पडतोच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. करू नका. हात शिवशिवत असतील तर धान्याकडे वळा: बार्ली आणि ज्वारी वेगवेगळी भिजवा, मोड आणा, उन्हात वाळवा, मंद तव्यावर वेगवेगळ्या रंगांपर्यंत भाजा आणि चावून बघा. इथवर कायद्याची अडचण नाही, आणि बिअरच्या रंगाचं आणि चवीचं निम्मं गणित इथेच उलगडतं.

ज्वारीची बिअर होते का, हेही विचारतात. होते. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते आहे, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्यानं पाश्चात्त्य देशांतही तिच्याकडे बघतात. अडचण अशी, की ज्वारीचं पीठ बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतं, आणि तितक्या तापमानाला साखर करणारी विकरं टिकत नाहीत. शिवाय मळलेल्या ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. म्हणून ब्रुअर ज्वारी वेगळी शिजवून बार्लीच्या माल्टमध्ये मिसळतात. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये मानांकन मिळालं आहे. पुण्याला जाल तेव्हा किलोभर सोबत न्या, टॅपवरच्या माणसाकडून ब्रुअरला बोलावून घ्या, आणि ही किती टक्के घालता येईल ते त्यालाच विचारा.